कोणाचाही आक्षेप आला नाही

नाना गेल्याचं मला गेल्या हिवाळ्यात कळलं. धुळ्याच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं. त्याच्याकडून मी मालाची लेबलं छापून घेतो, त्यासाठी त्याचा फोन आला होता. "तुमचे ते राजपत्रवाले नाना वारले बरं का शेठ," तो म्हणाला आणि त्याच दमात कागदाच्या भावावर आला. मी 'बरं' म्हटलं आणि भाव पाडून घेतला. धुळ्याला गेलो नाही. जळगावहून धुळे काही लांब नाही, बसा सारख्या सुटतात. पण माझं नानांशी भांडण होतं, ते मिटलेलं नव्हतं, आणि माणूस मेला म्हणून भांडण आपोआप मिटतं असं मी मानत नाही.

तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. मी नाही लिहिलं तर कोणी लिहिणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

नाना केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात धुळ्यालाच कारकून होते. वेळेच्या आधी नोकरी सोडली. का सोडली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, साक्रीकडे एक पुतणी होती ती दिवाळीला फोन करायची. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि बाकी सगळे नियम. केंद्र सरकारचे नियम. कुकरच्या शिट्टीचे, लिफ्टच्या दोरखंडाचे, बियाण्याच्या पिशवीचे, दुधाच्या भुकटीचे. दिल्लीचं राजपत्र, म्हणजे ज्यात छापल्याशिवाय सरकारचा नियम नियम होत नाही ते, नाना असं वाचायचे जसं बाकीचे लोक पेपरातलं क्रिकेट वाचतात.

घरमालकीण अक्का खाली राहायच्या. कोणी जिन्याकडे वळलं की त्या आतूनच अहिराणीत सांगायच्या, "वरमाच शेतस. पन आते कागद चिटकाडी राह्यनात, बोलतीन नही." आणि मग स्वतःशीच, पण ऐकू जाईल अशा बेताने, "बठ्ठा गाव त्यास्ले याडा म्हनस."

गाव ज्याला वेड म्हणायचं ते चिकटवणं हे नानांचं रविवारचं काम. सरकार नियम बदलतं तेव्हा अख्खा नियम पुन्हा छापत नाही. अमुक नियमात, तमुक ओळीत, हा शब्द काढून तो शब्द घाला, एवढंच छापतं. वाचणाऱ्याच्या हातात नुसता शब्द येतो, वाक्य नाही. ते वाक्य नाना घरी जुळवायचे. मैद्याची खळ शिजवायची, झुरळांनी खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं, नव्या शब्दाची पट्टी कापायची आणि जुन्या शब्दावर बसवायची. काही पानांवर पट्टीवर पट्टी, तिच्यावर पट्टी. पान हाताला भाकरीसारखं जाड लागायचं. मी म्हणालो, "नाना, हे सगळं आता मोबाईलवर मिळतं." ते म्हणाले, "मिळतं ना. तुकडे मिळतात. जोडून कोण देतं?"

माझी त्यांची गाठ एका इन्स्पेक्टरमुळे पडली. माझा जळगावच्या एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. आता मी दुसरा माल काढतो, तेव्हा प्लास्टिकच्या तोट्या बनवायचो, नळाला लावतात त्या. मेहरूण भागात सायकलच्या हँडलला दुसऱ्याच्या तोट्या लटकवून दारोदार विकल्या, तिथून स्वतःच्या साच्यापर्यंत आलो. मला कोणी काही दिलेलं नाही. त्यामुळे कोणी काही मागितलं की माझं डोकं फिरतं. तो इन्स्पेक्टर म्हणाला, पाकिटावरची अक्षरं लहान आहेत. मी म्हणालो, चष्मा बदला. तिथून प्रकरण वाढलं आणि कोणीतरी मला नानांकडे पाठवलं.

मी जिना चढलो तो ओरडतच. नानांनी स्टूल पुढे सरकवलं.

"ओरडून घ्या," ते म्हणाले. "झालं की नियमाचा नंबर सांगा."

"नंबर मला काय माहीत? तो म्हणतो अक्षरं लहान!"

"तो म्हणतो ते त्याचं म्हणणं. त्याला नंबर विचारला नाही?"

"त्याला मी दुसरंच काही विचारलं."

ते हसले नाहीत. त्यांनी एक जाड गठ्ठा काढला आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. ही त्यांची रीत. कुठलाही नियम हातात आला की आधी शेवट. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की मूळ नियम कधी निघाले आणि त्यांत शेवटचा बदल कधी झाला. नाना म्हणायचे, "आधी याचं कूळ काढा. बाप कोण, आजा कोण. मग बोलू." त्या तळटीपेवरून ते एकेक पिढी मागे जायचे आणि मग पुन्हा पुढे यायचे. आणि वाचायला लावायचे मलाच. मोठ्याने. मी म्हटलं, तुम्ही सांगा ना थोडक्यात. तर म्हणाले, "मी सांगितलं तर ते माझं मत. तुम्ही वाचलं तर तो नियम."

अक्षरांच्या बाबतीत माझं बरोबर निघालं. मी उठून उभा राहिलो, त्यांचा हात हातात घेतला. तर नाना पाकीट उलटं करून बघत होते.

"भाऊ, तक्रार कुठे करायची तो पत्ता छापलेला नाही. तो लागतो."

"ते त्या इन्स्पेक्टरला कुठे माहीत आहे?"

"मला माहीत झालं ना."

मी म्हणालो, "नाना, यात काही कमीजास्त?"

"ही मेथीची जुडी नाही भाऊ."

फी घेत नव्हते. मी घासाघीस करायच्या तयारीने गेलो होतो आणि समोर भावच नाही, तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं. शेवटी म्हणाले, येताना मैदा आणत जा. मी मैदा नेत गेलो. पुढे पुढे तर काही काम नसतानाही नेला. धुळ्याला माल टाकायचा, दुपारी नानांकडे बसायचं, चार शब्द भांडायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. घरी माझ्याशी भांडायला कोणी धजत नाही, कारखान्यात तर नाहीच. नाना माझ्या रागाला घाबरत नसत. तो निवेपर्यंत ते पट्ट्या कापत बसत.

झेरॉक्सवाल्याकडे त्यांचं वेगळंच राज्य होतं. छापील राजपत्र येणं बंद झाल्यापासून नाना त्याच्या दुकानात कॉम्प्युटरशेजारी उभे राहून त्याच्याकडून शोधून घ्यायचे. तो बिचारा विषय टाकायचा. नाना त्याचा हात थांबवायचे. "विषय टाकू नको. सरकार विषयाने बोलत नाही, तारखेने बोलतं. खातं टाक, तारीख टाक." मग नको त्या शेकडो अधिसूचनांतून हवी ती निघायची. झेरॉक्सवाला मला म्हणायचा, "नाना आले की गिऱ्हाईक पळतं शेठ. पण नाही आले तर दुपार जात नाही."

छापलेल्या शब्दावर नानांचा विश्वास असा होता की त्याची भीती वाटावी. एकदा अक्कांच्या भाच्याचं लग्न होतं. आपल्याकडे पत्रिकेतला मुहूर्त कोण धरतो? नाना छापलेल्या वेळेला मांडवात हजर. मी माल टाकून तिथे पोचलो तेव्हा मांडववाले खुर्च्या लावत होते, आचारी कांदा चिरत होता, नवरदेव अजून घोड्याशी भांडत होता. आणि त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध नाना एकटे बसले होते. इस्त्रीचा शर्ट, आणि मुठीत अक्षता. घरून घेऊन आले होते. मी म्हणालो, "नाना, लवकर आलात." ते म्हणाले, "नाही भाऊ. वेळेवर आलो." किती वेळ ती मूठ मिटलेली होती कोणास ठाऊक. उघडली तेव्हा तांदूळ तळहाताला चिकटले होते.

आता भांडणाचं सांगतो.

दिल्लीला नवा नियम करायचा असला की बहुतेक वेळा आधी मसुदा छापतात. त्यात लिहिलेलं असतं की ज्याला काही म्हणायचं असेल त्याने इतक्या मुदतीत आक्षेप पाठवावा. देशातला कोणीही पाठवू शकतो. कोणी पाठवत नाही. नाना पाठवायचे. प्रत्येक मसुद्याला. लिफ्टमध्ये ते आयुष्यात किती वेळा चढले असतील, पण लिफ्टच्या मसुद्यावर त्यांचा आक्षेप गेला होता. उत्तर कधी आलं नाही. पण पक्का नियम छापला जातो तेव्हा त्याच्या सुरुवातीला एक ओळ असते, की जनतेकडून आलेल्या आक्षेपांचा आणि सूचनांचा विचार केला आहे. ती ओळ नाना मला दाखवायचे.

"बघा. विचार केलाय."

"तुमचा केला कशावरून?"

"आक्षेप म्हटलंय ना? त्यात माझाही आला."

त्या ओळीनंतर ते त्या दिवशी खुशीत असायचे. खिचडीत तूप जास्त घालायचे आणि मलाही जेवायला बसवायचे.

एक दिवस नानांचा फोन आला. ते स्वतःहून कोणाला फोन करत नसत. "भाऊ, तुमच्या तोट्यांचा मसुदा निघालाय. या."

मी गेलो. वाचलं. प्लास्टिकची तोटी बनवणाऱ्या प्रत्येकाने सरकारी प्रमाणपत्र घ्यायचं आणि त्यासाठी स्वतःच्या कारखान्यात तपासणीची प्रयोगशाळा उभी करायची. मोठा कारखाना, लहान कारखाना, सगळ्यांना एकच. ती प्रयोगशाळा माझ्या अख्ख्या कारखान्यापेक्षा महाग होती. नियम असाच पक्का झाला असता तर माझी तोटी बंद. सायकलवर सुरू केलेलं सगळं बंद.

"आक्षेप घेता येतो," नाना म्हणाले. "मुदत आहे."

जळगावात आम्हा तोटीवाल्यांचं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्षाशी माझं पटत नव्हतं. तो म्हणाला मंडळ पत्र पाठवेल. मी म्हणालो तुमचं पत्र तुमच्यापाशी ठेवा, माझे नाना आहेत. त्या मंडळाने शेवटपर्यंत काही पाठवलं नाही, ते नंतर कळलं.

नाना लिहायला बसले. आधी मलाच उलटतपासणी.

"तोटी म्हणजे काय?"

"तोटी म्हणजे तोटी, नाना."

"बंद केल्यावर पाणी थांबवते ती?"

"हो."

"आणि बंद केल्यावरही गळते ती?"

"तीही तोटीच. पण ती समोरच्या कारखान्यातली."

ते तेव्हा हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. मग त्यांनी लिहिलं, की एका औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांना मिळून एक प्रयोगशाळा चालवू द्यावी. साधी, सरळ मागणी. मी ती वाचली तेव्हा मला वाटलं हे कोणी नाकारूच शकत नाही. सही त्यांनी स्वतःचीच केली, 'एक नागरिक' म्हणून. आपण लिहिलेल्यावर आपली सही, हा त्यांचा हट्ट. मी म्हणालो ईमेल करू. ते म्हणाले, मसुद्यात टपालाचा पत्ता आधी छापलाय. आम्ही दोघं धुळ्याच्या पोस्टात रांगेत उभे राहिलो. पाकीट रजिस्टर झालं. पावती नानांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पक्का नियम निघाला. लहान कारखान्यांना काही नाही. आणि सुरुवातीलाच छापलेलं, की उक्त मसुद्यावर जनतेकडून कोणताही आक्षेप किंवा सूचना आलेली नाही.

मी त्याच दिवशी संभाजीनगरच्या खंडपीठातल्या एका वकिलाला फोन केला. तो म्हणाला, आक्षेप पाठवल्याची पावती आणा, पत्र पोचल्याचं दाखवा, ज्याने पाठवला त्याचं प्रतिज्ञापत्र आणा, मग बघू. मी धावत धुळ्याला. अक्का काही म्हणाल्या, मी ऐकलं नाही. वर नाना खाटेवर बसले होते. समोर तोच कागद.

"नाना, पावती द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? राजपत्रात खोटं छापलंय! आक्षेप आला नाही म्हणतात. आपण पाठवला ना? त्या पावतीवरचा नंबर मोबाईलवर टाकला की दिसतं कधी पोचलं, कोणी घेतलं. द्या."

नानांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पत्र पोचलं नसेल भाऊ."

"पोचलं नसेल? मग बघू ना! एका मिनिटाचं काम आहे."

"राजपत्रात लिहिलंय आला नाही. म्हणजे आला नाही."

"तुम्ही पाठवला, मी शेजारी उभा होतो!"

"पाठवला. पण पोचला नसेल."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझा आवाज रस्त्यावर गेला, एवढं झेरॉक्सवाल्याकडून नंतर कळलं. मी म्हणालो, माझा कारखाना जातोय आणि तुम्हाला दिल्लीतल्या कुठल्या बाबूची अब्रू पडली आहे. मी म्हणालो, तुम्ही नोकरी सोडलीत, पण कारकुनी सोडली नाही. नानांचा हात शर्टाच्या खिशावर होता. खिशाचं बटण लावलेलं होतं. पावती तिथेच असणार. मला ती हिसकावता आली असती. मी जिना उतरलो.

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. दुसरा वकील केला, तोही पावतीच मागायचा. मंडळाचा अध्यक्ष प्लास्टिकच्या कुंड्यांकडे वळला. प्रमाणपत्र घ्यायला दिलेली मुदत संपत आली.

नियम लागू होण्याच्या आदल्या दिवशी मी शेवटचा माल काढत होतो. ऑपरेटर म्हणाला, "शेठ, फाटकाशी कोणीतरी म्हातारे आहेत." नाना. धुळ्याबाहेर ते किती वर्षांनी पडले होते, देव जाणे. आत आले, मशीनपाशी उभे राहिले. साचा उघडला, तोट्या खाली पडल्या. त्यांनी एक उचलली आणि चटकन या हातातून त्या हातात केली.

"गरम असते?"

मी तोट्या खोक्यात लोटत राहिलो. ऑपरेटर म्हणाला, "निघताना गरमच असते आबा." ज्या वस्तूवर एवढा आक्षेप लिहिला, ती कशी बनते हे नाना पहिल्यांदा बघत होते. लहान मुलासारखं वाकून त्यांनी साचा दोनदा मिटताना पाहिला.

मग त्यांनी पिशवीतून एक पत्र काढलं. नवं. तोट्यांच्या नियमात दुरुस्ती करावी म्हणून दिल्लीला. तेच म्हणणं, जास्त नीट मांडलेलं.

"यावर तुमची सही हवी भाऊ. नुसता नागरिक म्हणून मी लिहिलं, ते कमी पडलं असेल. ज्याचं नुकसान त्याने लिहायला हवं."

"पहिल्या पत्राचं काय झालं?"

"ते पोचलं नाही."

"पोचलं होतं."

"पोचलं नाही," नाना म्हणाले. "म्हणून तर पुन्हा लिहायचं."

समोरच्याला काय महाग आहे हे ओळखण्यावर मी आयुष्य काढलं आहे. त्या क्षणी मला कळलं, पावती का देत नाहीत ते. पत्र पोचलं, कोणीतरी सही करून घेतलं आणि न वाचता ठेवून दिलं, असं एकदा मोबाईलवर दिसलं असतं, की मग लिफ्टचं काय, कुकरचं काय, इतकी वर्षं पाठवलेल्या त्या सगळ्या आक्षेपांचं काय? पोचलं नाही असं धरलं तर पुढचं लिहिता येतं. त्या खोलीत नानांना दुसरं काय होतं?

कळलं, म्हणून मी तेच मागितलं.

"सही करतो," मी म्हणालो. "पावती द्या, सही घ्या. हाताला हात."

नानांनी पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिशाकडे हात गेला नाही. पत्र त्यांनी आधीच्याच घड्यांवर घडी केलं, पिशवीत ठेवलं, हातातली तोटी मशीनवर नीट उभी ठेवली आणि निघाले.

सौद्यात उठून निघालेला माणूस फाटकापाशी एकदा तरी मागे बघतो. भाव सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो हातात काहीतरी काम घेतो आणि वाट बघतो. त्याने मागे पाहिलं की आपण हाक मारायची आणि थोडं खाली यायचं. मी फडकं घेतलं आणि मशीन पुसत राहिलो. मी खाली आलो असतो. कदाचित पावतीशिवायही सही केली असती.

नाना फाटकाबाहेर गेले. वळून त्यांनी फाटक लावलं, कडी बसली की नाही ते बघितलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पानवाल्याला बस कुठे मिळते ते विचारलं आणि तो दाखवत होता तिकडे चालू लागले. सौदा कसा करतात हे त्या माणसाला माहीतच नव्हतं.